चतुःसीमा आणि षट्सीमा : मुंबईतील त्रिमितीय मिळकतीच्या वर्णनाची चिकित्सा

महाराष्ट्रात सदनिकेच्या खरेदीचा दस्त नोंदला गेला म्हणजे पक्षकाराच्या हाती 'सूची क्रमांक दोन'चा उतारा पडतो. त्यातील मिळकतीच्या वर्णनाचा रकाना भाषेच्या अभ्यासकाने एकदा तरी सावकाश वाचावा असा आहे. पालिकेचे नाव, सदनिका क्रमांक, माळा क्रमांक, इमारतीचे नाव, ब्लॉक, रस्ता आणि शेवटी कंसात भूमापन क्रमांक, असा त्याचा क्रम असतो. यांपैकी 'माळा नं.' या छापील शब्दापुढे 'पाचवा मजला', 'सातवा मजला' अशी उत्तरे आढळतात. प्रश्न माळ्याचा आणि उत्तर मजल्याचे. त्याच उताऱ्याचा सहावा रकाना 'आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा' असा आहे. जुडी म्हणजे इनाम जमिनीवरील सवलतीचा सारा. दादरच्या सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांना जुडी कशी लागावी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो रकाना मोकळा सोडून सर्व जण पुढे जातात.

याला नमुना छापणाऱ्याची हयगय म्हणून सोडून देता येत नाही. शेतजमिनीसाठी घडलेली वर्णनभाषा उभ्या शहरास जशीच्या तशी लावली गेली, त्याची ही खूण आहे. या भाषेला लांबी व रुंदी ठाऊक आहे. उंची ठाऊक नाही. एकावर एक असलेल्या घरांच्या मालकीहक्काचे चित्रण नोंदणीसाठी कसे करावे, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत जगभर भूमापक आणि संगणकशास्त्रज्ञ यांच्याकडे सोपविला गेला आहे, व त्यांनी त्यात पुष्कळ प्रगतीही केली आहे. तथापि मुंबईपुरते पाहिले तर हा प्रश्न चित्राचा होण्यापूर्वी शब्दांचा आहे. ज्याला नाव नाही, ज्याची हद्द वाक्यात सांगता येत नाही, त्याचे चित्र काढले तरी त्यावरून हक्क सिद्ध होत नाही.

मराठी दस्तात जमिनीची ओळख चतुःसीमेने होते. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. या पद्धतीचे सामर्थ्य असे की ती मोजमापावर अवलंबून नाही. चार शेजारी स्थिर असले की मधली जागा आपोआप निश्चित होते. परंतु जुन्या लेखनाची दृष्टी अगदीच सपाट होती असे मात्र म्हणता येत नाही. इनामपत्रांतून आणि पुढे खरेदीखतांतूनही 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांसह जमीन दिल्याचा उल्लेख येतो. हा शब्दसमूह आज पोकळ आलंकारिक वाटतो आणि टंकलेखक तो सवयीने पुढे चालू ठेवतात. वस्तुतः त्यात एक उभा छेद आहे. तरु जमिनीच्या वर, तृण जमिनीलगत, पाषाण व जल जमिनीत, आणि निधी-निक्षेप म्हणजे पुरलेले धन त्याहून खाली. जमिनीवर मालकी असणाऱ्याची सत्ता वर आकाशापर्यंत व खाली पाताळापर्यंत पोहोचते, असे जे सूत्र युरोपीय कायद्याने लॅटिनमध्ये सांगितले, त्याचाच हा देशी आणि अधिक मूर्त असा पर्याय म्हणावा लागेल. सूत्रात केवळ दिशा होत्या. येथे त्या दिशांना असलेल्या वस्तूंची मोजदाद आहे.

ही उभी दृष्टी मोजणीच्या नकाशाने पुसली. मुंबई बेटावर कॅप्टन डिकिन्सन याची पाहणी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात झाली. त्यानंतर कर्नल लॉटन याची सविस्तर मोजणी १८७२ साली पूर्ण झाली. एका इंचास ४० फूट या प्रमाणावर काढलेले लॉटनचे नकाशे हे आजही कौतुकाचे विषय आहेत. त्यांत घरे, विहिरी, गल्ल्या बारकाईने दाखविलेल्या आहेत; आणि मुंबई शहरातील दस्तांत 'लॉटनचा सर्व्हे क्रमांक' अजून उद्धृत होतो. परंतु नकाशा हा अखेर वरून पाहिलेला देखावा असतो. वरून पाहणाऱ्यास छप्पर दिसते, छपराखाली एक कुटुंब आहे की ऐंशी, हे दिसत नाही. शासनाला त्या वेळी ते पाहण्याचे कारणही नव्हते. १८७६ च्या मुंबई शहर जमीन महसूल अधिनियमाचा हेतू साऱ्याचा होता, आणि सारा जमिनीवर बसतो. बेटाच्या हद्दीतील मिळकतीला मराठीत जो 'भूकर क्रमांक' असे म्हणतात, त्या शब्दातच हे सर्व सामावलेले आहे. क्रमांक घराला दिलेला नसून भूमीवरील कराला दिलेला आहे. गिरगाव विभाग, भुलेश्वर विभाग, लोअर परळ विभाग, दादर-नायगाव विभाग असे त्याचे पोटविभाग पाडले गेले, आणि शंभर वर्षे उलटून गेल्यावर त्या क्रमांकावर उभ्या राहिलेल्या पंचवीस मजल्यांची ओळखही तोच एक क्रमांक सांगतो.

नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे. त्याच्या २१ व्या कलमात मिळकतीचे वर्णन कसे असावे ते सांगितले आहे. शहरातील घर ज्या रस्त्याकडे तोंड करून असेल त्या रस्त्याच्या उत्तरेस किंवा अन्य बाजूस ते आहे असे सांगावे, त्याच्या सध्याच्या व पूर्वीच्या वहिवाटदारांचा निर्देश करावा, आणि घरांना क्रमांक असतील तर तोही द्यावा. भाषाशास्त्रात ज्याला निर्देशकेंद्र म्हणतात, म्हणजे बोलणारा ज्या स्थळी उभा आहे असे वाक्य गृहीत धरते ते स्थळ, ते येथे स्पष्ट आहे. वर्णन करणारा रस्त्यावर उभा आहे. त्याला दर्शनी भिंत व दार दिसते. जिना चढून वर जाण्याची कल्पना या वाक्याला शिवलेली नाही. मुगभाटात किंवा फणसवाडीत चाळीच्या मागल्या अंगाची तिसऱ्या मजल्यावरील खोली रस्त्याकडे तोंड करून नसते. तिचे तोंड गॅलरीकडे असते, गॅलरीचे चौकाकडे, आणि चौकाचे एखाद्या बोळाकडे. तेव्हा अधिनियमाप्रमाणे तिचे वर्णन करू गेल्यास इमारतीचे वर्णन होते, खोलीचे राहून जाते. या कलमातील 'पूर्वीचे वहिवाटदार' हा निर्देश मात्र मोलाचा आहे. चाळीतील माणूस खोलीची ओळख अशीच सांगत आला आहे. अमक्यांच्या वरची खोली, तमके आधी राहत होते ती खोली. कायद्याने रस्त्याच्या बाबतीत चाळीला ओळखले नाही, पण वहिवाटीच्या बाबतीत नकळत ओळखले.

आता सदनिकेच्या कायद्यांकडे वळावे. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम झाला. १९७० साली अपार्टमेंटच्या मालकीचा अधिनियम झाला. त्याच्या थोडे आधी, १९६१ साली, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने 'स्ट्राटा' म्हणजे थरांच्या मालकीचा कायदा केला होता. काळ जवळपास एकच असला तरी दृष्टी भिन्न आहे. न्यू साउथ वेल्सने इमारतीचा प्रत्येक थर नकाशावर आणून त्यातील प्रत्येक घराला जमिनीच्या तुकड्यासारखाच स्वतंत्र हक्कलेख दिला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या अधिनियमाने मुख्यतः बांधणाऱ्याच्या वर्तनाचे नियमन केले. करार कसा करावा, कोणती माहिती उघड करावी, आणि शेवटी जमीन व इमारत सहकारी संस्थेच्या नावे करून द्यावी. सदनिका ही वस्तू अभिलेखात कोठे राहील, हा प्रश्न त्याने घेतलाच नाही. परिणाम असा की सहकारी संस्थेतील सभासदाजवळ भागपत्र असते, नोंदलेला करार असतो, वीजदेयक असते. पण मिळकत पत्रिकेवर त्याचे नाव नसते. पुष्कळ ठिकाणी संस्थेचेही नाव नसते, कारण अभिहस्तांतरण झालेलेच नसते. म्हणून तर २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. मूळ जमीनमालक कैलासवासी होऊन दोन पिढ्या लोटलेल्या असतात आणि पत्रिकेत मात्र तो एकटाच नांदत असतो.

१९७० चा अधिनियम या दृष्टीने अधिक जागरूक आहे. अपार्टमेंट म्हणजे स्वतंत्र वापरासाठी असलेला मिळकतीचा भाग, एका किंवा अधिक मजल्यांवरील खोल्या अथवा बंदिस्त जागा, ज्यातून रस्त्याकडे किंवा रस्त्याकडे नेणाऱ्या सामाईक जागेकडे थेट वाट आहे, अशी त्याची व्याख्या आहे. 'बंदिस्त जागा' आणि 'वाट' हे दोन्ही घटक घनाकृतीचे आहेत. घोषणापत्रासोबत मजल्यांचे नकाशे, अपार्टमेंटचे क्रमांक व मोजमापे वास्तुविशारदाच्या दाखल्यासह नोंदवावीत असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे त्रिमितीय अभिलेखाचे बीज महाराष्ट्राच्या कायद्यात अर्धशतकाहून अधिक काळ आहे. ते रुजले नाही, कारण मुंबईतील बहुतेक इमारतींनी संस्थेचा मार्ग पत्करला.

शब्दार्थाचा घोळ कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरण म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या निर्णयाकडे पाहता येईल. मिळकत गिरगाव-परळची नव्हे, उपनगरातील दहिसरची. पण वाद सर्व मुंबईचा. खांबांवर उचललेल्या इमारतीखालील मोटारी ठेवण्याची मोकळी जागा बांधणारा स्वतंत्रपणे विकू शकतो काय, असा प्रश्न होता. १९६३ च्या अधिनियमातील 'सदनिका' या शब्दात गॅरेज अंतर्भूत आहे. तेव्हा खांबांखालची जागा गॅरेज ठरते काय, यावर सर्व भिस्त होती. न्यायालयाने ती जागा सदनिकाही नव्हे आणि गॅरेजही नव्हे, ती सामाईक होय, असा निर्णय दिला. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने गॅरेजची व्याख्या 'छप्पर व तीन बाजूंस भिंती असलेली जागा' अशी केली. मुंबईच्या मिळकतीच्या भाषेत पृष्ठभाग मोजून केलेली अशी व्याख्या विरळाच. एक छप्पर, तीन भिंती आणि चौथी बाजू उघडी. गंमत अशी की हा मान मोटारीच्या घराला मिळाला, माणसाच्या घराला नव्हे. त्याच अधिनियमात माणसाच्या घराचे माप 'चटई क्षेत्र' असे आहे, आणि त्यात बाहेरच्या भिंती, सेवानलिकांची पोकळी, सज्जा व गच्ची वगळून आतील विभाजक भिंतींसह वापरता येणारी जमीन तेवढी मोजावयाची आहे.

'चटई' या शब्दापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. इंग्रजीत दोन निरनिराळ्या संकल्पनांसाठी दोन निरनिराळे शब्द आहेत. एकात गालिचा आहे, दुसऱ्यात मजल्याची जागा आहे. मराठी प्रशासनाने दोहोंसाठी चटईच पसरली. घराचे चटई क्षेत्र आणि भूखंडाचा चटई क्षेत्र निर्देशांक. चटईइतकी निखालस सपाट वस्तू घरात दुसरी नसेल. तिला जाडी जवळजवळ नाही आणि ती गुंडाळून ठेवता येते. मुंबईत घराचे मोल, भूखंडाचे मोल, पुनर्विकासातील वाटा, हे सर्व या शब्दाने मोजले जाते; छत किती उंच आहे हे त्यात कोठेच उमटत नाही.

याचा परिणाम लालबाग-परळच्या जुन्या चाळींत राहणाऱ्यांना प्रत्यक्ष भोगावा लागतो. उदाहरणादाखल १२ फूट रुंद, १५ फूट लांब आणि १२ फूट उंच अशी एक खोली घ्यावी. तिचे चटई क्षेत्र १८० चौरस फूट. कुटुंब वाढले तेव्हा अर्ध्या खोलीवर, सहा फुटांच्या उंचीवर, लाकडी पोटमाळा घातला गेला. वर सहा फूट, खाली सहा फूट. त्यावर मुले झोपतात, अभ्यास करतात, गौरी-गणपतीचे सामान राहते. वापरातील जमीन आता २७० चौरस फूट झाली. अभिलेखात ती १८० चीच राहते, कारण परवानगीवाचून घातलेला पोटमाळा चटई क्षेत्रात येत नाही. जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूस किमान २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट, मिळण्याची तरतूद आहे. कागदावर ही वाढ १२० चौरस फुटांची दिसते; राहणाऱ्याच्या अनुभवात ती ३० ची असते, कारण नऊ फूट उंचीच्या नव्या घरात पोटमाळा बसत नाही. नवे घर वाईट असे यातून सुचवावयाचे नाही. स्वतःचे न्हाणीघर व शौचकूप ही लहान गोष्ट नव्हे. मुद्दा एवढाच की तुलना ज्या मापाने केली जाते त्या मापाला एक बाजू दिसतच नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची सदनिका देण्याची योजना आहे. तेथे फरक इतका मोठा की पोटमाळ्याचा हिशेब कोणी मांडणार नाही. गिरगावातील खाजगी चाळीत मात्र तो मांडला जातो, आणि भांडणही त्यावरूनच होते.

येथे लोकभाषेने काय केले आहे ते पाहणे उद्बोधक आहे. महाराष्ट्रात इतरत्र 'माळा' म्हणजे छपराखालची, वस्तू ठेवण्याची फळ्यांची जागा. मुंबईत मात्र 'दुसऱ्या माळ्यावर राहतो' याचा अर्थ दुसऱ्या मजल्यावर राहतो असा होतो. अर्थाचा असा विस्तार झाल्यावर मूळ अर्थासाठी नवा शब्द लागला, आणि तो 'पोटमाळा' या समासाने पुरविला. पोट हे पूर्वपद पोटभाडेकरू, पोटहिस्सा, पोटकलम यांतही आहे. एकाच्या आत राहणारे दुसरे, असा त्याचा भाव. भूमापनाच्या परिभाषेतील पोटहिस्सा आडवा असतो, चाळीतील पोटमाळा उभा. एकाच घटकाने दोन्ही परिमाणे सांभाळली आहेत, आणि ती कोणत्याही समितीने ठरविलेली नाहीत. 'मजला' हा अरबी 'मंझिल'पासून आला, 'जिना' फारसीतून. 'गॅलरी' इंग्रजीतून येऊन चाळीत अशी स्थिरावली की सज्जा हा शब्द तिला लागू पडेनासा झाला. सज्जा एका घराचा असतो. गॅलरी सर्वांची, पण प्रत्येकाच्या दारासमोरील तुकडा त्या त्या बिऱ्हाडाचा. तेथे कपडे वाळतात, दिवाळीत आकाशकंदील लागतो, आजारी माणसाची खाट पडते. असा अधिकार ना मालकीचा, ना भाड्याचा. पण तो नाही असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. जयंत पवार यांनी गिरणगावातील कुटुंबावरील आपल्या १९९७ च्या नाटकाला 'अधांतर' हे नाव दिले. त्या नाटकाचा विषय वेगळा. पण मुंबईतील वरच्या मजल्यावरील घराच्या कायदेशीर स्थितीला याहून नेमका शब्द परिभाषाकोशात सापडणार नाही.

आता चित्रणाच्या प्रश्नाकडे. २००१ साली डेल्फ्ट येथे आंतरराष्ट्रीय भूमापक संघाचे त्रिमितीय भूअभिलेखावरील पहिले चर्चासत्र झाले. २००४ साली तेथेच स्टोटर यांचा या विषयावरील प्रबंध आला. २०१२ साली भूप्रशासनाच्या माहितीरचनेसाठी आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये डेल्फ्टच्या रेल्वेस्थानकाच्या परिसरातील एकावर एक असलेले हक्क नेदरलंड्सच्या भूअभिलेख संस्थेने प्रथमच त्रिमितीय आकृतीसह नोंदले. खाली रेल्वेचा बोगदा व स्थानक, वर नगरपालिकेचे कार्यालय, अशी ती रचना होती. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात पुलियो आणि वांग यांनी याच्याही पुढचा प्रश्न हाताळला. आकृती तयार झाली, पण ती वाचणारा नोटरी तिच्यातून काय वाचतो? सदनिकेची कायदेशीर हद्द आणि भिंतीची भौतिक हद्द यांतील फरक रंगाने कळतो, छटेने कळतो, की पारदर्शकतेने? त्यांनी या कामी फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञ झाक बर्तँ याच्या १९६७ च्या ग्रंथातील दृश्य चलांची मांडणी आधारभूत धरली. स्थान, आकारमान, आकार, छटा, रंग, दिशा व पोत ही ती चले होत.

लाव्हालच्या अभ्यासकांनी चित्राकडे भाषा म्हणून पाहिले, आणि त्यामुळे त्यांचे काम या क्षेत्रातील अन्य पुष्कळ कामांहून सरस ठरते. परंतु बर्तँची मांडणी कागदाच्या एका सपाट पत्र्यासाठी होती, हे विसरता येत नाही. सपाट चित्रात एक खूण दुसरीला झाकीत नाही; घनाकृतीत पुढचे घर मागच्याला झाकते. चौकाच्या चार बाजूंनी बांधलेल्या चाळीत कोठूनही पाहिले तरी निम्म्या खोल्या अदृश्य असतात. पारदर्शकता वापरावी तर दहा खोल्यांचे रंग एकमेकांत मिसळून कोणता रंग कोणाचा हे कळेनासे होते. मजले सुटे करून एकमेकांपासून दूर उचलून दाखवावे, तर 'वर' आणि 'खाली' यांचा संबंध, ज्यासाठी हा सारा खटाटोप, तोच तुटतो. वाक्यात हा प्रश्न उद्भवत नाही. 'या खोलीच्या वर अमुक, खाली तमुक' हे विधान कोणालाही झाकीत नाही. म्हणून चित्राला विधानाची जोड हवी, आणि वाद उत्पन्न झाल्यास प्रमाण कोणते मानावे हे आधी ठरले पाहिजे. बांधणाऱ्यांच्या माहितीपत्रकांतील देखण्या त्रिमितीय चित्रांची येथे आठवण होणे साहजिक आहे. त्यांत प्रकाश आहे, झाडे आहेत, हद्द मात्र नाही. अभिलेखातील आकृती रूक्ष असली तरी चालेल. भिंतीचा आतील पृष्ठ, मध्यरेषा आणि बाहेरील पृष्ठ यांपैकी हक्क कोठे संपतो ते तिने सांगितले पाहिजे. आज एकाच भिंतीबद्दल चटई क्षेत्र एक सांगते, मंजूर नकाशा दुसरे सांगतो, आणि चाळीतील जुनी सामाईक भिंत याविषयी मुळीच बोलत नाही.

जमिनीखालची बाजू तर आजवर कोणाच्या ध्यानातच नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण खुल्या झालेल्या ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोने ती ध्यानात आणून दिली. गिरगाव व काळबादेवी येथील रस्ते इतके अरुंद की स्थानकांसाठी काही जुन्या इमारती हटवाव्या लागल्या, आणि बोगदे घरांच्या पायांखालून न्यावे लागले. प्रकल्पबाधितांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरले. एका भूकर क्रमांकावर आता खाली गाडीचा बोगदा, त्यावर जमीनमालकाची जमीन, जमिनीवर इमारत, इमारतीत भाडेकरू, आणि पुष्कळदा भाडेकरूच्या खोलीत त्याच्या भावाचे बिऱ्हाड, असे थर झाले. निधी-निक्षेपाची जागा बोगद्याने घेतली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मिळकत पत्रिकेच्या सपाट आकृतीत बोगद्याला रेषा नाही. फार तर शेरा लिहिता येतो.

दादर-माटुंग्याकडे थरांचा प्रकार आणखी वेगळा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने तेथील भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. मंडळ १९३३ साली पालिकेत विलीन झाल्यावर ते पट्टे पालिकेचे झाले. तेव्हा भूमी पालिकेची, पट्टा एकाचा, इमारत त्याची, आणि खोल्या पागडीच्या भाडेकरूंच्या.

पागडी हा या चर्चेतील सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत टाळला जाणारा शब्द आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली जे व्यवहार चोरून होत होते, त्यांना १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने, ३१ मार्च २००० पासून, मोकळीक दिली; भाडेहक्काच्या हस्तांतरणासाठी रक्कम घेणे वैध झाले. हा हक्क विकला जातो, वारशाने जातो, पुनर्विकासात त्याच्या मोबदल्यात मालकीची सदनिका मिळते. तरीही भूअभिलेखाच्या दृष्टीने तो अस्तित्वात नाही. भाडेपावती, करनिर्धारणाचा निरीक्षण उतारा, शिधापत्रिका अशा तुकड्यांतून तो सिद्ध करावा लागतो, आणि इमारत पडली तर हे तुकडेच त्या माणसाचे घर असतात. उपकरप्राप्त इमारतींची संख्या आरंभी एकोणीस हजारांहून अधिक होती. तेव्हा हा अपवादात्मक प्रकार नव्हे, बेटावरील नित्याचा प्रकार होय.

गेल्या काही वर्षांत सदनिकाधारकास स्वतंत्र उभी मिळकत पत्रिका देण्याची चर्चा शासनस्तरावर चालू आहे. २०२१ पासून देशभर भूखंडांना चौदा स्थानांचा भू-आधार क्रमांक देण्याचे कामही सुरू झाले आहे. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह आहेत. दोहोंतही एक दोष दिसतो. भू-आधार क्रमांक भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून निघतो, आणि एकावर एक असलेल्या वीस घरांचे अक्षांश-रेखांश एकच असतात. उभी पत्रिका जर सदनिकेच्या मालकापुरतीच राहिली, तर नव्या मनोऱ्यातील रहिवासी अभिलेखात येईल आणि त्याच गल्लीतील चाळीचा भाडेकरू पूर्वीइतकाच अदृश्य राहील. मग त्रिमितीय अभिलेख म्हणजे ज्याच्या घराला मंजूर नकाशा आहे त्यालाच आकार, असा अर्थ होईल. यावर असा आक्षेप घेतला जातो की जुन्या चाळींची मोजणी करणे खर्चाचे व कटकटीचे आहे. त्यांचे आयुष्य थोडे उरले आहे, आणि पुनर्विकासानंतर सर्व आपोआप नीट होईल. आक्षेपातील पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र उलटा आहे. पुनर्विकासानंतर मोजण्यास काही उरत नाही; मोजणीची गरज इमारत उभी असतानाच असते.

त्यासाठी अचूक संगणकीय प्रतिमानाची प्रथम आवश्यकता आहे असेही नाही. दस्ताच्या अनुसूचीत चतुःसीमेऐवजी षट्सीमा लिहिण्याचा प्रघात पडला तरी पुष्कळ साधेल. लालबागच्या एका कल्पित खोलीचे वर्णन असे होईल. पूर्वेस खोली क्रमांक १४, मध्ये सामाईक भिंत, पश्चिमेस जिना, उत्तरेस सामाईक गॅलरी, दारासमोरील पाच फुटांच्या वहिवाटीसह, दक्षिणेस मोकळा बोळ, वर खोली क्रमांक ३३, तुळया सामाईक, खाली खोली क्रमांक ३, अंतर्गत उंची बारा फूट. हे वर्णन चाळीतला कोणीही वाचू शकेल, तपासू शकेल, आणि चुकीचे असल्यास वरच्या व खालच्या बिऱ्हाडाला विचारून दुरुस्त करू शकेल. प्रतिमान उभारणाऱ्याला लागणारे सर्व संबंधही त्यात आहेत. 'सूची क्रमांक दोन'च्या नमुन्यात त्यासाठी नवीन जागा शोधण्याचेही कारण नाही. जुडीचा रकाना मोकळाच आहे. 'माळा नं.' हा शब्द ठेवावा की 'मजला' करावा, याबद्दल मतभेद होईल. मजला हा शब्द नमुन्यात आणून माळा हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने पोटमाळ्यासाठी राखून ठेवणे अधिक सोयीचे. त्यापुढे 'आहे' किंवा 'नाही', आणि असल्यास लांबी, रुंदी व खालून उंची, एवढे लिहिले म्हणजे पुरे.